कर्जं थकलीत, व्हॉट्सअ‍ॅपवर नोटिसा यायल्यात. वकील करू का? (लातूर)

गोलाईवाला
१८ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचत होतो, लिहायची वेळ आज आली.

गंजगोलाईजवळ माझं मोबाईल रिपेरिंगचं छोटं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी आईचं बायपास झालं, सोलापूरला नेलं होतं. तेव्हा जी घडी विस्कटली ती अजून बसली नाही. काल मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून आलो, दुकान उघडलंच नाही, वही घेऊन बसलो. हिशोब असा निघाला:

खाजगी फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन, बाकी ४ लाख ८० हजार, हप्ता १४,२००. चार हप्ते थकलेत.
क्रेडिट कार्ड १ लाख ४२ हजार.
दोन अ‍ॅपवाल्यांचे मिळून ६५ हजार.
पतसंस्थेचे २ लाख, त्याला मेव्हणा जामीन आहे. हे हप्ते कसेबसे चालू ठेवलेत.

दुकानाचं भाडं, माल, कामावरच्या पोराचा पगार सगळं जाऊन महिन्याला २२-२३ हजार उरतात. त्यात घर. अण्णांची औशाकडं दोन एकर कोरडवाहू आहे, यंदा सोयाबीनला फुलं लागताना पाऊस गायब.

सकाळी साडेसातला पहिला फोन येतो. रोज नंबर वेगळा. कधी बाई असते, कधी "हायकोर्टातून वकील बोलतोय" म्हणणारा बाप्या. सातबाऱ्यावर बोजा चढवू म्हणतेत, पोलीस पाठवू म्हणतेत. परवा दिल्लीच्या कुण्या लवादाची (कोर्टाबाहेर निवाडा देणारा पंच) सोळा पानी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आली, सगळी इंग्रजीत. दोन रात्री झोप नाही.

फेसबुकवर जाहिरात बघून एका "कर्जमुक्ती"वाल्या कंपनीला फोन लावला. म्हणले सगळे हप्ते बंद करा, आमच्याकडं महिना ९ हजार भरा, आमचं वकिलांचं पॅनेल निम्म्यात सेटल करून देतंय. बायको म्हणली, आधी चार लोकांना विचारा. म्हणून विचारतोय. वकील करावा का? लातूरचा का दिल्लीचा? किती घेतात? वकील केला की फोन बंद होतात का?


मांजराकाठ
१८ सप्टेंबर, रात्री ११:०५

भाऊ, पहिलं म्हणजे झोपा. कर्ज थकलं म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, ते दिवाणी प्रकरण आहे. सातबाऱ्यावर बोजा फोनवरून चढत नाही. त्याला कागद लागतो, आदेश लागतो, फेरफार होतो. तुमचं लोन विनातारण आहे ना? मग तो पोरगा फोनवर नुसत्या फेका मारायलाय.


स्पष्टवक्ता_६५
१८ सप्टेंबर, रात्री ११:२०

कर्ज घेताना वकिलाला विचारलं होतं का? दोन-दोन अ‍ॅप, कार्ड, लोन. चादर बघून पाय पसरावेत एवढं आपल्या आजोबाला कळत होतं.


मांजराकाठ
१८ सप्टेंबर, रात्री ११:२४

काका, बायपास सांगून येतं का? तुमचे पाय झाकलेले आहेत, आनंद आहे.


परभणी_स्टेशन
१९ सप्टेंबर, सकाळी ७:१०

दादा, त्या कर्जमुक्तीवाल्या कंपनीच्या नादी लागू नका. मी लागले होते. सगळं सांगते, लांबेल, पण वाचा.

मी खाजगी शाळेत आहे. मिस्टरांचं काम सुटलं तेव्हा माझ्या नावावर तीन कर्जं होती. अशाच एका कंपनीनं हप्ते थांबवायला सांगितलं. म्हणे थकल्याशिवाय बँक तडजोड करत नाही. मी महिन्याला साडेसात हजार त्यांच्या खात्यात टाकत गेले. त्यातले निम्मे त्यांची फी, हे करारात होतं, बारीक अक्षरात. "तुमचे वकील" म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक नाव होतं. त्या माणसाचा आवाज मी एकदाही ऐकला नाही. बँकेचा मेल आला की ते एक छापील उत्तर पाठवायचे. तिन्ही कर्जांना तेच उत्तर, एकदा तर त्यात दुसऱ्याच बाईचं नाव राहिलं होतं.

आठ महिन्यांनी कोर्टाचं समन्स आलं. खात्यातून हप्ता आपोआप कापायची आपण जी मंजुरी देतो, ती परत गेली तरी चेक बाउन्ससारखीच केस होते हे मला माहीतच नव्हतं. कंपनीला फोन केला तर म्हणले, कोर्टात हजर राहणं आमच्या पॅकेजमध्ये नाही.

साठ हजार त्यांना गेले, हप्ते बुडाले ते वेगळे, व्याज चढलं ते आणखी वेगळं. शेवटी जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात गेले. तिथल्या मॅडमनी विचारलं, "तुम्ही बाई असून पैसे कशाला घातले? बाईला सरकारी वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असू द्या." त्या दिवशी मी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून रडले, दुःखानं नाही, रागानं.


काळा_कोट
१९ सप्टेंबर, सकाळी ९:०२

मी वकिली करतो, मराठवाड्यातच. इथं नाव-नंबर देणार नाही, मागूही नका. वकिलानं जाहिरात करायची नाही असा बार कौन्सिलचा नियमच आहे. फेसबुकवर "आमचं वकील पॅनेल" म्हणून झळकणाऱ्यांकडं म्हणूनच जरा संशयानं बघा. निकाल लागला तर इतके टक्के, अशी फी ठरवायलाही आम्हाला मनाई आहे. परभणीच्या ताईंना मुफ्त वकील मिळाला तो १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांपर्यंत. गोलाईवाले, तुमचं रिटर्न बघा, तुम्हीसुद्धा कदाचित त्यात बसाल. फोन नंबर १५१००.

आता तुमचा प्रश्न. वकील केला की फोन बंद होतात का? नाही. वकील फोनसाठी नसतो, कागदासाठी असतो. फोनचा बंदोबस्त तुम्ही स्वतः फुकटात करू शकता. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावलंय. साडेसातच्या फोनचे स्क्रीनशॉट काढा, रेकॉर्डिंग ठेवा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, त्यांच्या सीएमएस पोर्टलवर. फी नाही. आणि गंमत बघा, २०२१ च्या लोकपाल योजनेत वकिलामार्फत केलेली तक्रार घेतच नाहीत, माणसानं स्वतः करायची. तेव्हा "लोकपालात तक्रार टाकून देतो, पाच हजार द्या" म्हणणारा वकील भेटला तर चहा पाजून परत पाठवा.

अ‍ॅपवाल्यांनी तुमच्या फोनमधली नावं उचलून नातेवाइकांना फोन केलेत का? कर्जाच्या अ‍ॅपनं कॉन्टॅक्ट लिस्टला हातच लावायचा नाही, हा २०२२ पासूनचा नियम आहे. तेही तक्रारीत घाला.

आता मला दोन गोष्टी सांगा, नीट आठवून. एक, रजिस्टर पोस्टानं घरी काही आलंय का? व्हॉट्सअ‍ॅप नाही, पोस्टमन. दोन, कुणाला सही करून कोरे चेक दिलेत का?


निवृत्त_शाखाधिकारी
१९ सप्टेंबर, सकाळी ११:३०

तेहतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली सहा वसुलीत. टेबलाच्या पलीकडून सांगतो.

तडजोड करायला वकील लागत नाही. शाखेत जा, व्यवस्थापकाला उत्पन्नाचा हिशोब दाखवा, आईच्या दवाखान्याची बिलं दाखवा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. आधी हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का ते विचारा. एकरकमी तडजोड हा शेवटचा उपाय. कारण सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, "सेटल्ड" पडतं, "क्लोज्ड" नाही, आणि पुढं घरासाठी कर्ज मागाल तेव्हा समोरचा अधिकारी त्या एका शब्दावर बोट ठेवतो. जून २०२३ च्या नियमाप्रमाणं ज्या संस्थेशी तडजोड केली तिच्याकडून किमान १२ महिने नवीन कर्ज मिळत नाही. शेतीकर्जाचं वेगळं.

एकरकमी करायचीच झाली तर संस्थेच्या लेटरहेडवर पत्र हवं. कर्ज खाते क्रमांक, तडजोडीची रक्कम, शेवटची तारीख आणि "यानंतर काही बाकी राहणार नाही" हे वाक्य. हे पत्र हातात पडेपर्यंत रुपया द्यायचा नाही. दिला तर कर्ज खात्यातच, एजंटाच्या फोनपेवर कधीच नाही. माझ्या शाखेत एका शिक्षकानं एजंटाला रोख ४० हजार दिले, एजंट पुढच्या महिन्यात काम सोडून गेला. पावती नव्हती. मी काय करणार होतो?

आणखी एक, हे आम्ही ग्राहकाला कधी सांगायचो नाही. ज्या बँकेचं कार्ड थकलंय त्याच बँकेत दुकानाचा गल्ला जमा होत असेल तर बँक तो परस्पर वळता करू शकते.


काळी_माती
१९ सप्टेंबर, दुपारी १:१५

वकीलसाहेब, नादारी, म्हणजे दिवाळखोरी, घेता येत नाही का? आमच्या चुलत्यानं पूर्वी घेतली होती म्हणतेत.


काळा_कोट
१९ सप्टेंबर, दुपारी २:४०

येते. माणसासाठी अजून १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा चालू आहे, अर्ज जिल्हा न्यायालयात. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग फक्त कंपन्यांच्या जामीनदारांना लागू केलाय, तुम्हा-आम्हाला नाही. पण नादारीत तुमची मालमत्ता कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, वर्षानुवर्षं चालतं, आणि गावात नाव होतं ते वेगळंच. आठ-नऊ लाखांच्या कर्जासाठी मी कुणाला सुचवलेली नाही.


गोलाईवाला
१९ सप्टेंबर, रात्री ८:५५

वकीलसाहेब, तुम्ही दुखऱ्या जागीच बोट ठेवलं. एक गोष्ट वर लिहिली नव्हती. बायकोलाही माहीत नव्हती, आज सांगितली.

आईच्या ऑपरेशनला रोख कमी पडली तेव्हा निलंग्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून १ लाख घेतले होते, महिना ३ टक्क्यांनी. लिखापढी काही नाही, फक्त सही केलेला एक कोरा चेक. २६ महिने दर महिन्याला ३ हजार फोनपे केले. जूनपासून बंद पडलं. त्यानं कधी आवाज चढवला नाही, फोन नाही, घरी येणं नाही, म्हणून मला वाटलं हा एकटाच भला माणूस आहे.

तुमचं वाचून आईला विचारलं, पोस्टमन आला होता का. अण्णांनी सही करून पाकीट घेतलं होतं, कोर्टाचं काही असेल म्हणून भिऊन देव्हाऱ्यात खंडोबाच्या फोटोमागं ठेवलं. फोडलेलंच नाही. पाकिटाला हळदीचा डाग लागलाय. आत निलंग्याच्या वकिलाची नोटीस. चेकवर अडीच लाख भरलेत, बँकेतून परत आलाय, १५ दिवसांत भरा म्हणतेत. अण्णांनी पाकीट घेतलं ९ तारखेला.

घरात आज कुणी जेवलं नाही.


काळा_कोट
१९ सप्टेंबर, रात्री ९:२०

जेवून घ्या. आजची १९ आहे, तुमचे १५ दिवस २४ ला संपतात. अजून हातात वेळ आहे.

आता वकील करायचा, उद्याच करायचा. दिल्लीचा नको, लातूरचा किंवा निलंग्याचा. ज्याची चेकच्या केसमध्ये रोजची ऊठबस आहे तो. केस चेक ज्यानं वटवायला टाकला त्याचं खातं जिथं आहे तिथल्या कोर्टात चालते, म्हणजे बहुतेक निलंग्यात, हे धरून चाला. चेक बाउन्सच्या कलम १३८ मध्ये दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जामीन मिळणारा गुन्हा आहे आणि तडजोडीनं मिटवता येतो, म्हणून घाबरू नका, पण हे व्हॉट्सअ‍ॅपची पीडीएफ नव्हे. ज्या सोळा पानांनी तुमची झोप उडवली त्यापेक्षा देव्हाऱ्यातलं ते दीड पान जड आहे.

"चेक कोरा होता" एवढं म्हणून सुटका नाही. सही तुमची असेल तर दुसऱ्यानं रक्कम भरली तरी चेक देणं फेडायलाच दिला होता असं कोर्ट धरून चालतं, सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तसं स्पष्ट केलंय. उलटं सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. पण तुमच्याकडं दोन गोष्टी आहेत. एक, ते २६ महिन्यांचे फोनपे. चेक दिल्यावर काही रक्कम फिटली असेल आणि ती चेकवर नोंदवली नसेल, तर पूर्ण रकमेचा तो चेक त्या दिवशीचं खरं देणं दाखवत नाही, असा २०२२ चा निकाल आहे. समोरचा म्हणेल ते व्याज होतं. म्हणू द्या, कारण तिथंच दुसरी गोष्ट येते. सावकारीचा परवाना आहे का त्याच्याकडं? महाराष्ट्राचा सावकारी कायदा २०१४ चा आहे. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं, सहकारी संस्थांचं जे ऑफिस असतं तिथं. "ते व्याज होतं" असं त्यानं लेखी म्हटलं की तो स्वतःच सावकारी कबूल करतो.

नोटिशीला उत्तर देणं कायद्यानं सक्तीचं नाही, पण गप्प बसलात तर पुढं कोर्ट विचारतं, तेव्हाच का नाही बोललात. उत्तरात काय लिहायचं आणि काय नाही हे इथं विचारू नका, समोरचा माणूसही हे वाचत असेल. ते तुमचा वकील आणि तुम्ही बंद दाराआड ठरवा.


मांजराकाठ
१९ सप्टेंबर, रात्री ९:३१

भला माणूस म्हणे. आपल्याकडं व्याजबट्ट्यावाला ओरडत नसतो, तो वाट बघतो.


तेरणेकाठचा_वाणी
२० सप्टेंबर, सकाळी ८:०५

वकील निवडायचा कसा, हे कुणी सांगेना म्हणून सांगतो, दोनदा ठेच लागलीय. कोर्टाच्या आवारात काळा कोट दिसला की हात धरू नका. तुमचा कागद तुमच्यासमोर पूर्ण वाचतो का ते बघा. पहिल्या वकिलानं माझी नोटीस दुमडूनच बाजूला ठेवली आणि म्हणाला, होऊन जाईल. दुसऱ्यानं दोनदा वाचली, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघितला आणि पहिला प्रश्न तारखेचा विचारला. मी दुसऱ्याकडं थांबलो.

फी आधी विचारायला लाजू नका. नोटिशीच्या उत्तराचे किती, केस लागली तर पूर्ण केसचे किती, का दर तारखेला वेगळे. धाराशिवला मला उत्तराचे अडीच हजार आणि केसचे २० हजार तीन टप्प्यांत लागले होते, ते मोठ्या शहरात जास्त असतील. कागदावर लिहून घ्या. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या, मूळ दाखवायला न्या. कोऱ्या वकीलपत्रावर सही करायची नाही. आणि केस लागली की १६ अक्षरी सीएनआर नंबर मागून घ्या, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख तुम्हाला घरी दिसते. माझा पहिला वकील तारीख नसताना तारखेचे पैसे घ्यायचा, ते मला या अ‍ॅपनं कळलं.


उपाय_सोल्युशन्स
२० सप्टेंबर, सकाळी १०:१२

[हा प्रतिसाद जाहिरात असल्यानं काढून टाकला आहे. सदस्यत्व रद्द. – व्यवस्थापन]


परभणी_स्टेशन
२० सप्टेंबर, सकाळी १०:२०

काढायच्या आधी वाचला मी. तीच भाषा, "निम्म्यात मुक्ती".


जामीनदार_नंबर_दोन
२० सप्टेंबर, दुपारी १२:५०

गोलाईवाले, सगळे फायनान्स आणि चेकवर बोलायलेत, मी पतसंस्थेवर बोलतो, कारण मी जामीनदार होतो आणि माझा पगार कापला गेला.

मित्राच्या कर्जाला सही केली. तो पुण्याला गेला, फोन बंद. पतसंस्थेनं सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहायक निबंधकाकडं वसुली दाखल्यासाठी अर्ज केला. मला सुनावणीची नोटीस आली होती. मी म्हणलं, कर्ज त्याचं, मी कशाला जाऊ? गेलो नाही. दाखला निघाला. मग वकिलाकडं गेलो तर म्हणाला, आता फेरतपासणी अर्ज करता येईल, पण आधी वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के भरा. तेवढे असते तर कर्जच नसतं का फेडलं?

जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे. करार कायद्याप्रमाणं देणं कर्जदाराचं जितकं तितकंच जामीनदाराचं, आणि कर्जदाराला सोडून थेट मला धरलं तरी चालतं. मी ज्या दिवशी सुनावणीला गेलो नाही त्या दिवशी घरी बसून क्रिकेट बघत होतो. दोन हजार रुपये वकिलाला देऊन हिशोबाचा उतारा तरी मागायला पाहिजे होता, दंडव्याज कसं लावलंय ते बघायला पाहिजे होतं.

तेव्हा तुमचा मेव्हणा. त्याला आजच सांगा काय चाललंय ते. पतसंस्थेचा हप्ता सगळ्यात आधी भरा. कार्डवाला ओरडेल, ओरडू द्या. मेव्हण्याचा पगार कापला गेला तर दिवाळीला सासरी जाता येणार नाही.


निवृत्त_शाखाधिकारी
२० सप्टेंबर, दुपारी १:३०

शंभर टक्के सहमत. आधी जामीनदार असलेलं, मग चेक दिलेलं, मग बाकीचं.


गोलाईवाला
२३ सप्टेंबर, रात्री १०:१५

वकील केला. नाव सांगत नाही. चुलतभावाच्या शेताच्या वाटणीची केस चालवतात ते.

कॅरीबॅगमध्ये सगळे कागद कोंबून गेलो होतो. त्यांनी टेबलावर ओतले आणि म्हणाले, आधी तारखेप्रमाणं लावा, तोवर मी एक जामीन करून येतो. कडुनिंबाखालच्या बाकड्यावर बसून तासभर लावले. फोनपेचे २६ व्यवहार मोबाईलवरून पाहून एका वहीत उतरवले, तारीख, वेळ, रक्कम. बेरीज ७८ हजार. लावता लावता एक जाणवलं, दोन वर्षांत मी हे कागद एकदाही एका जागी बघितले नव्हते. आले की ड्रॉवरमध्ये, ड्रॉवर भरला की खोक्यात.

उत्तर आज रजिस्टर पोस्टानं गेलं, पोच-पावतीसह. २,००० घेतले. बँकेतून शिक्का मारून स्टेटमेंट आणायला सांगितलं, मोबाईलवरचं चालत नाही म्हणले. सहायक निबंधकांकडं अर्ज सोमवारी द्यायचाय.

दिल्लीच्या लवादाचंही विचारलं. फेकून देऊ नका म्हणले. कंपनीनं एकतर्फी नेमलेला लवाद मान्य नाही असं लेखी हरकतपत्र मेलनं आणि पोस्टानं पाठवायचं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असं एकतर्फी नेमणं चालत नाही म्हटलंय. फक्त कुठल्या कागदावर "मला हरकत नाही" म्हणून सही करायची नाही. हरकत न घेता निवाडा झाला आणि तीन महिने तसेच गेले तर मग तो कोर्टाच्या हुकुमासारखा लातुरात येऊन अंमलात येतो. म्हणजे तोही कागद अगदीच फुसका नव्हता.

मेव्हण्याला सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, हप्ता भरताना मलाही पावतीचा फोटो टाकत जा.


काळी_माती
२४ सप्टेंबर, सकाळी ७:५०

वकीलसाहेब, शेत जप्त होतं का ते राहिलं. आम्हाला पण एका ट्रॅक्टरवाल्याची धमकी आहे.


काळा_कोट
२४ सप्टेंबर, सकाळी १०:१०

ट्रॅक्टर तारण आहे, त्याचं शास्त्र वेगळं, वेगळा धागा काढा. जमिनीचं थोडक्यात: सरफेसी म्हणून २००२ चा जो कायदा आहे, ज्यात बँक कोर्टात न जाता ताबा घेते, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. पण कोर्टाचा हुकूमनामा झाला तर त्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात, म्हणजे दरखास्तीत, जमीन जप्त होऊ शकते. शेतकऱ्याचं राहतं घर, औजारं, बैल, बियाणं याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नं संरक्षण आहे. म्हणून हुकूमनामा होण्याआधी हजर व्हायचं, नंतर नाही.


गोलाईवाला
१६ जानेवारी, रात्री ९:४५

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून धागा वर काढतो.

निलंग्याच्या माणसानं ऑक्टोबरात केस टाकलीच. समन्स आलं, हजर झालो, जातमुचलका दिला. कोर्टात उभं राहिलो तेव्हा पाय लटपटत होते, पण दोन मिनिटांत पुढची तारीख. इतकंच असतं हे कुणी आधी सांगितलं असतं तर. सावकारीच्या अर्जावर सहकार खात्यानं त्याला बोलावलं, त्यानंतर त्याच्या साडूकडून मध्यस्थीचा निरोप आला. आकडा जुळेना अजून. मी मुद्दलातले ७८ हजार वजा धरायलोय, तो धरत नाही. माझे वकील म्हणले, लोकअदालतीत ठेवू, तिथं मिटलं की त्यावर अपील नसतं, दोघांचीही कटकट संपते. पण घाईनं आकडा वाढवू नका.

कार्डाचं शाखेत जाऊन २४ हप्त्यांत करून घेतलं, वकिलाशिवाय. एका अ‍ॅपचे पैसे फिटले, दुसऱ्याविरुद्ध लोकपालाकडं तक्रार आहे, त्यानं माझ्या सासऱ्यांना फोन केला होता. पर्सनल लोनवाले हरकतपत्रानंतर गप्प आहेत. हप्ता ९ हजारावर आणून मुदत वाढवायचा अर्ज दिलाय, पोच आहे, उत्तर नाही. वकिलाला आजवर ११ हजार दिले, पावतीसह. कर्ज तेवढंच आहे जवळपास. सकाळचे फोन आता आठनंतर येतात.

स्पष्टवक्ता काका, तुमचं त्या दिवशी लागलं होतं. पण खरं होतं.


स्पष्टवक्ता_६५
१६ जानेवारी, रात्री १०:३०

मुलाच्या लग्नाला मीही जामीन ठेवून कर्ज काढलं होतं. तेव्हा फारसं मनावर घेऊ नका. आई कशा आहेत?


गोलाईवाला
१६ जानेवारी, रात्री १०:४१

बऱ्या आहेत. गोळ्या चालू. खंडोबाचा फोटो पुसायला काढला की आधी मागं बघतात, काही पाकीट आहे का.

परभणीच्या ताई, तुमच्या केसचं काय झालं?


परभणी_स्टेशन
१७ जानेवारी, सकाळी ६:५५

तारीख पडली, १२ फेब्रुवारी. त्या कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात टाकलंय, ते मीच लिहिलं, हातानं, सात पानं. मॅडमनी फक्त दोन वाक्यं खोडली.